शिबल्याचे दगडी खांब

ऐका पोरांनो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या शिबला गावाजवळ जमिनीतून काळे दगडी खांब निघाले आहेत. पैलूदार, एकमेकांना खेटून उभे. बघणाऱ्याला वाटतं, कोण्या गोंड राजाचा वाडा गाडला गेला असेल. पण ते घडले तेव्हा राजा कुठला, माणूसच नव्हता!

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन लांबच लांब उलली आणि आतून लाव्हा वाहू लागला. पुन्हा पुन्हा, लाखो वर्षं. थरावर थर साचले. असा जाड थर सावकाश निवतो, निवताना आकसतो आणि आकसताना तडकतो. वैशाखात कपाशीच्या वावराला भेगा पडतात ना, तशाच. पण लाव्हा जसजसा आत निवत जातो, तसतशी भेगही आत उतरत जाते, म्हणून खांब तयार होतात. सहा बाजूंच्या आकारात कमीत कमी भेगांनी ताण सुटतो, म्हणून सहाकोनी खांब पुष्कळ. पाच-सात कोनांचेही असतात. आणि वावरातली ती काळी माती? ती याच खडकाची झीज.



आता वर्धा नदीपलीकडे चला, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला. लाव्हाच्याच सुमाराला तिथे डायनोसॉर चरत होते. त्यांची विष्ठासुद्धा दगड होऊन राहिली! शास्त्रज्ञांनी ती तपासली आणि 2005 मध्ये जगाला सांगितलं, की तिच्यात गवताचे सूक्ष्म कण आहेत. तोवर समज असा, की डायनोसॉर संपल्यावरच गवत फोफावलं. आपल्या विदर्भातल्या शेणाने तो खोडून काढला बघा!

त्या गवताचे वंशज आज टिपेश्वरला चितळं खातात, चितळांवर वाघ जगतो. ते सुमारे 148 चौरस किलोमीटरचं रान 1997 पासून अभयारण्य आहे. 2019 मध्ये तिथला एक वाघ हजार किलोमीटरहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाघाला पाय आहेत, तो नवं रान शोधतो. खांबांना कुठे जाता येतं? खडीसाठी फोडले तर संपलेच. त्यांनाही वाघासारखंच जपलं पाहिजे, हे मी कुणालाही ठासून सांगेन.

सुट्टीत शिबल्याला जाल तेव्हा कोपरे मोजा. सहाकोनी किती, पाचकोनी किती, वहीत लिहून आणा आणि मला दाखवा.