जाताना आठ तास, येताना सात!

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचं अंतर आहे सुमारे ५,५४० किलोमीटर. शाळेत पृथ्वीचा गोल असेल, तर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा आयर्लंडवरून, कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाजवळून जाईल. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडून वळसा घेतल्यासारखी वाटते, पण सगळ्यात जवळची तीच!

आता अंतर जायला तेवढंच आणि यायलाही तेवढंच. तरी लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात आणि परत यायला सातच. असं का?

“पृथ्वी फिरते ना, म्हणून!” तुमच्यापैकी कोणीतरी नक्की म्हणालं असेल. पण थांबा. पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. मग विमान पश्चिमेला निघालं, की न्यूयॉर्कच त्याच्याकडे सरकत यायला हवं आणि जातानाचा प्रवास लवकर संपायला हवा. होतं नेमकं उलटं! कारण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, आणि विमान उडतं त्या हवेतच.

खरी गंमत आहे ती या हवेत. जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, म्हणजे मोठी विमानं उडतात तिथेच, वाऱ्याचा एक अरुंद पट्टा पूर्वेकडे सुसाट वाहत असतो. त्याचं नाव जेट प्रवाह. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग म्हणजे त्याच्यासाठी नेहमीचीच गोष्ट, हिवाळ्यात तर त्याला आणखी जोर चढतो. उष्ण प्रदेशावरची गरम हवा आणि ध्रुवाकडची गार हवा जिथे भेटतात, तिथे तो तयार होतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतो. पाहिलंत? पृथ्वीचं फिरणं कामाला आलंच, पण आडवाटेने!

लंडनला येणारं विमान हा वारा पाठीशी घेतं, न्यूयॉर्कला जाणारं शक्यतो त्याला चुकवतं. म्हणून अटलांटिकवरच्या हवाई वाटा रोज नव्याने आखतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये तर कमालच झाली. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. जमिनीवरून मोजलं तर त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्याही वर गेला होता. आवाजसुद्धा इतक्या वेगाने जात नाही! मग विमानाने आवाजाला मागे टाकलं का? नाही. पुराच्या पाण्यात होडी वल्हवावी तसं ते होतं. विमान हवेतून नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, धावत होती ती आजूबाजूची सगळी हवा.

हा वारा आधी कोणी टिपला, माहीत आहे? जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी. १९२० नंतरच्या काळात तातेनोच्या वेधशाळेतून ते फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांच्यावर नजर ठेवत. उंच गेल्यावर फुगे पूर्वेकडे भन्नाट पळू लागत. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला. पण ती भाषा येणारे होतेच किती! एवढा मोठा शोध, आणि कोणाचं लक्षच गेलं नाही. मला याची फार हळहळ वाटते.

पुढे नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अ‍ॅम कंपनीचं एक विमान जपानमधूनच, टोकियोहून, होनोलुलूला निघालं. वैमानिकांनी ते मुद्दाम याच वाऱ्यात नेलं, आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत आटोपला.