चार वाटांची परभणी

परभणी आणि पूर्णा. जेमतेम 30 किलोमीटरवर दोन जंक्शनं, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. मनमाडहून येणारी गाडी जालना, सेलू करत परभणीला पोचते. तिथून एक फाटा गंगाखेडवरून परळीकडे उतरतो, पुढे लातूर नि हैदराबादची वाट. सरळ गेलात की पूर्णा. तिथून नांदेड, किंवा वसमत-हिंगोलीमार्गे अकोला. अकोल्याचा हा मार्ग 2008मध्ये ब्रॉडगेज झाला आणि विदर्भ खऱ्या अर्थानं जोडला गेला. तोवर मीटरगेजच्या डब्यातला माल ब्रॉडगेजवर न्यायचा, तर हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. वेळ जाई, पोती फाटत.

रस्त्यानं म्हणाल तर कल्याण-निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणी असा जातो. मानवत-सेलूचा कापूस, शिवारातलं सोयाबीन याच वाटांनी बाहेर पडतं. मात्र ‘मानवत रोड’ स्टेशनावर उतरून मानवत शोधू नका. नावातल्या ‘रोड’चा अर्थच गाव लांब आहे असा. गाडीतून उतरल्यावर पुढं ऑटो किंवा एसटी. मालाचंही तसंच: रूळ कितीही चांगले असोत, गठाण स्टेशनापर्यंत ट्रकनंच यायची.