भुरी की करडी बुरशी? स्ट्रॉबेरीवरील रोगाची ओळख

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर, पाचगणी व भिलार या परिसरात पावसाळा ओसरताच स्ट्रॉबेरीची लागण होते आणि थंडीच्या दिवसांत फळे तोडणीस येऊ लागतात. येथील स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ज्या थंड हवेमुळे हे पीक येथे चांगले येते, त्याच हवेत धुके व दव सकाळी उशिरापर्यंत पानाफुलांवर राहते आणि फळ कुजविणाऱ्या एका बुरशीचे चांगलेच फावते. ही बुरशी म्हणजे करडी बुरशी होय. तिचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया असे आहे. बोट्रायटिस हे नाव द्राक्षाचा घड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले असून सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची. या दोन शब्दांतच तिची निम्मी ओळख सामावलेली आहे.

नावाचा घोटाळा

आपल्याकडे भुरी या नावाचा एक निराळा रोग सर्वांच्या परिचयाचा आहे. फळावर भुरकट, राखेसारखे काही दिसले की ती भुरीच, असे समजून गंधकाची फवारणी केली जाते. भुरीवर गंधक गुणकारी आहे. करड्या बुरशीवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. अशा वेळी औषधाचा व मजुरीचा खर्च तर वाया जातोच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे उपायाचे मोलाचे दिवस हातचे जातात. म्हणून फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी रोगाची खात्री करून घेणे हितावह आहे.

रोगाचा आरंभ फुलात

फळ पिकू लागल्यावर रोग दिसतो, म्हणून तो तेव्हाच झाला असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. वाळक्या पानांवर व कुजक्या अवशेषांवर वाढलेल्या बुरशीची बीजुके वाऱ्याने व पाण्याच्या थेंबांबरोबर उडून उमललेल्या फुलांवर पडतात. हवेचे तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस असून फुले बराच वेळ ओली राहिली, तर बीजुके रुजतात व बुरशी पाकळ्यांतून आणि पुंकेसरांतून आत शिरते. हिरव्या फळात ती निपचित पडून राहते. फळात रंग व गोडी भरू लागली की ती जागी होते आणि दोन-चार दिवसांत फळ कुजवून टाकते. यास्तव तपकिरी पडलेली, करपल्यासारखी फुले ही पहिली सूचना मानावी.

फळावरील लक्षणे

प्रथम फळावर फिकट तपकिरी डाग पडतो. तो बहुधा देठाकडे, अथवा फळ दुसऱ्या कुजक्या फळाला, पानाला वा मातीला टेकते तेथे असतो. डागाची जागा मऊ होते, पण तीतून रस गळत नाही. पुढे हवेत ओलावा असल्यास डागावर करड्या रंगाची मखमलीसारखी लव उगवते. अशा फळाला हलकेच टिचकी मारली असता धुरासारखी पूड उडते. शेवटी फळ सुकून वाळक्या गोळ्यासारखे होते.

सारखे दिसणारे इतर रोग

भुरी : पानांच्या खालच्या बाजूस पिठासारखी पांढरी बुरशी दिसते, पानांच्या कडा द्रोणाप्रमाणे वर वळतात व पुढे पानांवर तांबूस-जांभळे डाग पडतात. फळावर पीठ धरले तरी फळ मऊ पडून कुजत नाही.

रायझोपस बुरशी : फळातून रस गळतो. लांब पांढरे तंतू वाढून त्यांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हा प्रकार विशेषतः तोडणीनंतर पेटीत आढळतो.

फळावरील करपा : डाग गोल, खोलगट व गडद असतात. दमट हवेत त्यांवर नारिंगी रंगाचा चिकट थर येतो.

चामडी कूज : फळ चामड्यासारखे चिवट होते. त्यास दुर्गंधी येते व चव कडवट लागते.

बरणीतील परीक्षा

लव अद्याप उगवली नसेल तर घरच्या घरी पुढील परीक्षा करावी. काचेच्या स्वच्छ बरणीत तळाशी ओला टीपकागद घालावा. डाग पडलेली तीन-चार फळे एकमेकांस न लागतील अशी ठेवून झाकण लावावे आणि बरणी सावलीत ठेवावी. दोन-तीन दिवसांनी दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावे. करडी बुरशी असल्यास तपकिरी दांड्यांना फांद्या फुटलेल्या व टोकांना द्राक्षाच्या घडांसारखे बीजुकांचे झुबके लागलेले दिसतील. रायझोपस असल्यास एक-दोन दिवसांतच बरणीत पांढऱ्या तंतूंचे जाळे व काळे ठिपके दिसू लागतील. परीक्षा झाल्यावर फळे मळ्यात न टाकता खोल पुरावीत.

भिंगाची मर्यादा

या परीक्षेने बोट्रायटिस ही जात-मंडळी ओळखता येते. तिच्यातील नेमकी जाती ओळखता येतेच असे नाही. २०११ साली फ्रान्समधील द्राक्षमळ्यांतून बोट्रायटिस स्यूडोसिनेरिया ही वेगळी जाती वर्णिली गेली. ती सूक्ष्मदर्शकाखालीही मूळ जातीसारखीच दिसते. पुढे जर्मनीत स्ट्रॉबेरीवर बोट्रायटिस फ्रॅगॅरिई ही जातीही आढळली. असा भेद प्रयोगशाळेत जनुकांची तपासणी करूनच कळतो. तो निरर्थक नाही, कारण सर्व जाती सर्व औषधांना सारखी दाद देत नाहीत. शेतातील नित्याच्या उपायांसाठी मात्र बोट्रायटिस की अन्य, एवढी खात्री पुरेशी आहे.

शिफारस केलेली फवारणी वेळेवर करूनही रोग हटत नसल्यास नमुना तपासणीस पाठवावा. रोगट व निरोगी भाग एकत्र असलेली ताजी फळे कागदात गुंडाळावीत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. सोबत गाव, वाण, तारीख व केलेल्या फवारण्या लिहाव्यात. सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील वनस्पती रोगशास्त्र विभागाचा सल्ला घेता येईल.

ओळख पटल्यावर

१. वाळकी पाने, करपलेली फुले व कुजकी फळे वरचेवर काढून मळ्याबाहेर पुरावीत. चांगली फळे आधी तोडावीत. कुजक्या फळांना लागलेल्या हातांनी चांगली फळे हाताळू नयेत.

२. गादी वाफ्यांवर प्लास्टिकचे आच्छादन घालावे म्हणजे फळ मातीस टेकत नाही. रोपांत हवा खेळेल इतके अंतर ठेवावे व पाणी ठिबकनेच द्यावे.

३. फवारणी फुलोऱ्यात करावी. फळ कुजल्यावर केलेली फवारणी ते फळ वाचवू शकत नाही.

४. एकाच गटाचे औषध पुनःपुन्हा वापरू नये. कार्बेन्डाझिमच्या गटातील औषधे प्रचारात आल्यावर थोड्याच वर्षांत या बुरशीने त्यांना दाद देणे सोडले, हा अनुभव जगभर आलेला आहे. पिकासाठी शिफारस असलेलीच औषधे घ्यावीत व फवारणी आणि तोडणी यांमधील दिवसांचे अंतर कसोशीने पाळावे, कारण हे फळ न सोलता खाल्ले जाते.

५. तोडणी दव उडाल्यावर, पण उन्हे तापण्यापूर्वी करावी आणि फळे त्वरित थंड करावीत. रायझोपसची वाढ ५ अंशांखाली थांबते; करडी बुरशी मात्र ० अंशावरही सावकाश वाढत राहते. म्हणून पेटीत एकही डागी फळ जाता कामा नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या पिशवीत एक भिंग अवश्य बाळगावे आणि हंगामाच्या आरंभीच मळ्यात बसून शेतकऱ्यांना बरणीची परीक्षा करून दाखवावी. एकदा डोळ्यांनी पाहिलेला तो करडा घड शेतकरी विसरत नाही आणि भुरीचे औषध करड्या बुरशीवर मारण्याची चूकही मग सहसा करीत नाही.