भेटींची पळवापळवी आणि नाताळ

डिसेंबर लागला की अमेरिकेत ऑफिसांत, घराघरांत आणि चर्चच्या सभागृहांतही ‘व्हाइट एलिफंट’ नावाचा खेळ रंगतो. प्रत्येकाने एक वस्तू कागदात गुंडाळून आणायची, सगळ्यांचा ढीग लावायचा आणि चिठ्ठीत निघालेल्या नंबराप्रमाणे एकेकाने उठायचं. पहिला एक पुडकं फोडतो. दुसऱ्याने नवं पुडकं फोडावं, नाहीतर पहिल्याच्या हातातली वस्तू खुशाल पळवावी. एकच वस्तू तीनदा पळवली गेली की ती तिसऱ्याकडेच राहते, असा अनेक ठिकाणचा नियम. वस्तूही मुद्दाम बिनकामाच्या निवडतात. भिंतीवर टांगायचा गाणारा प्लास्टिकचा मासा, वगैरे. सयामचा राजा नावडत्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती देऊन खर्चात बुडवायचा, या आख्यायिकेवरून हे नाव आलं. तोट्यातल्या सरकारी महामंडळांना आपण ज्याची उपमा देतो, तोच हा हत्ती.

न्यू इंग्लंडमध्ये याच खेळाला ‘यांकी स्वॉप’ म्हणतात. तिथल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन मंडळींनी 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, हे आज कोणाच्या गावीही नसतं.

चर्चमध्ये खेळ म्हटला की त्यातून बोध काढणारं कोणीतरी निघतंच. पुडक्यात काय आहे ते आधी कळत नाही, तशीच देवाची कृपा, असं सांगितलं जातं. मला हे ओढूनताणून वाटतं. कृपा फुकट मिळते. इथे एक वस्तू आणल्याशिवाय बसायलाच मिळत नाही. जे परतफेड करू शकत नाहीत त्यांनाच जेवायला बोलवा, असं येशू लूकच्या शुभवर्तमानात सांगतो. त्या कसोटीवर हा खेळ साफ नापास. फार तर येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला आठवावा. संध्याकाळी आलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी मिळाली म्हणून सकाळपासून राबलेले कुरकुरले होते. इथेही शेवटच्या नंबराला सगळ्या वस्तू पाहून निवडता येतं, आणि पहिल्या नंबरवाल्याची कुरकुर अगदी तशीच असते.

आपल्या मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतला ‘सीक्रेट सांता’, म्हणजे चिठ्ठीत नाव निघालेल्याला गुपचूप भेट देणं, मात्र नाताळच्या भेटींच्या मुळाच्या जास्त जवळ आहे. सांताचा पूर्वज म्हणजे चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देम्रे. हुंड्याअभावी एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती (हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको). निकोलसने रात्री त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला बापाने पाळत ठेवून त्याला गाठलं, तेव्हा ‘कोणाला सांगू नकोस’ एवढंच त्याने मागितलं. कथेत दंतकथेचा अंश असेल, पण उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू देऊ नये, ही मत्तयच्या सहाव्या अध्यायातली शिकवण तिने नेमकी पकडली आहे.

नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळी, निकोलसच्या सणाच्या पूर्वसंध्येला, मोठी माणसंही नावांच्या चिठ्ठ्या काढतात. भेट भलत्याच आकाराच्या पुठ्ठ्यात दडवायची, सोबत घेणाऱ्याची टिंगल करणारी कविता जोडायची आणि खाली सही संत निकोलसची. थट्टा आणि गुप्तदान एकाच पुडक्यात! धर्माचं गांभीर्य यात कुठे बिघडतं, मला दिसत नाही.

विचित्र भेटींना तर खुद्द नाताळच्या कथेतच जागा आहे. मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस दिला. गंधरस प्रेताला लावायचा. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनाच्या वेळी तो पुन्हा येतो. बाळंतिणीच्या घरी असली वस्तू कोणी नेईल का? गोव्यात वेरें इथल्या रेइश मागुश चर्चचं फेस्त 6 जानेवारीला होतं, तेव्हा तीन मुलगे या मागींची आठवण म्हणून राजांच्या वेशात येतात. पण मत्तयने मागींना राजे म्हटलेलं नाही, त्यांची संख्या दिलेली नाही आणि नावंही नाहीत. देणारे आले, देऊन दुसऱ्या वाटेने परत गेले.

म्हणूनच ऑफिसांत केक कापून झाल्यावर ‘मीच तुझा सांता’ म्हणून जो खुलासा होतो, तो मला खटकतो. यंदा चिठ्ठी काढलीत तर भेट देऊन झाल्यावरही नाव सांगू नका. विचारलंच, तर निकोलसचं सांगा.