पालखीत अकरा, भोई कोण?

फुटबॉलवर जीव असणाऱ्या कुणाच्याही हातात कागद-पेन दिलं, तर तो आधी अकरा नावं लिहितो. कोल्हापूरच्या पेठा असोत, मडगाव असो, नाहीतर युरोपातल्या सामन्यासाठी रात्र जागवणारी पुण्या-मुंबईतली पोरं असोत, सर्वकाळच्या सर्वोत्तम संघाचा वाद कुठेच मिटत नाही. पेले की मॅराडोना, मेस्सी की रोनाल्डो, यावर तासन् तास जातात. पण हा वाद बहुतेक वेळा नावांपाशीच थांबतो. ही अकरा माणसं खरोखर मैदानात उतरली तर चेंडू कुणाकडे राहील? तो गेल्यावर मागे कोण धावेल? समोरचा संघ नेमका कुठून घुसेल? या प्रश्नांची उत्तरं शोधायला बसलं की महान खेळाडूंची आपली ओळखही जास्त पक्की होते. म्हणून या लेखात जगासमोर जाहीर झालेले दोन स्वप्नसंघ घेऊन त्यांचा सामना लावून बघू.

दोन याद्या, चार नावं सारखी

पहिला संघ 1998 चा. फ्रान्समधल्या विश्वचषकाच्या वेळी, जून महिन्यात, जगभरातल्या 250 क्रीडा पत्रकारांच्या मतांवरून विसाव्या शतकाचा विश्वसंघ जाहीर झाला. गोलात लेव्ह याशिन. बचावात कार्लोस आल्बर्टो, फ्रांझ बेकेनबाउर, बॉबी मूर आणि निल्टन सांतोस. मधल्या फळीत योहान क्रायफ, आल्फ्रेडो डी स्टेफानो आणि मिशेल प्लॅटिनी. आघाडीला गारिंचा, पेले आणि मॅराडोना. रचना 4-3-3.

दुसरा संघ 2020 चा. कोविडमुळे त्या वर्षीचा बॅलन डी'ऑर पुरस्कार रद्द झाला, तेव्हा तो देणाऱ्या ‘फ्रान्स फुटबॉल’ने 140 पत्रकारांकडून जागेनुसार मतं मागवली आणि डिसेंबरात स्वप्नसंघ जाहीर केला. गोलात पुन्हा याशिन. मागे तिघेच, काफू, बेकेनबाउर आणि पाओलो माल्दिनी. मध्ये झावी, लोथार मॅथेउस, पेले आणि मॅराडोना. पुढे मेस्सी, ब्राझीलचा रोनाल्डो आणि क्रिस्तियानो रोनाल्डो. रचना 3-4-3.

याशिन, बेकेनबाउर, पेले आणि मॅराडोना हे चौघे दोन्हीकडे आहेत. तुलनेसाठी ही मोठीच सोय आहे. ते दोन्ही बाजूंनी वजा केले की सातांविरुद्ध सात उरतात. 1998 च्या सातांत तीन बचावपटू, तीन मधल्या फळीतले आणि एकटा गारिंचा आघाडीवीर. 2020 च्या सातांत दोन बचावपटू, दोन मधल्या फळीतले आणि तब्बल तीन आघाडीवीर. निवडीच्या पद्धतीतच याचं बीज आहे. जागेनुसार मतं घेतली की प्रत्येक जागेवर सर्वोत्तम माणूस मिळतो, पण शेजारच्या जागेवर कोण येणार आहे याचा विचार मत देणारा करत नाही.

चेंडू एकच असतो

असे तारांगणी संघ प्रत्यक्षातही बांधले गेले आहेत. रेआल माद्रिदने 2000 मध्ये फिगो, 2001 मध्ये झिदान आणि 2002 मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो आणला. 2003 च्या उन्हाळ्यात बेकहॅम आला, आणि त्याच उन्हाळ्यात क्लोद माकेलेले चेल्सीला गेला. माकेलेले गोल करत नसे, त्याच्या पासवर टाळ्याही पडत नसत. बचावफळीपुढे उभं राहून समोरच्याचा चेंडू काढायचा आणि तो जवळच्या कलाकाराच्या पायात द्यायचा, एवढंच त्याचं काम. पुढच्या हंगामात माद्रिद स्पॅनिश लीगमध्ये चौथ्या स्थानावर राहिला आणि चॅम्पियन्स लीगमध्ये मोनॅकोकडून उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला. सगळेच पालखीत बसले, तर ती उचलायला भोई उरत नाहीत.

पॅरिस सेंट-जर्मेनने तोच धडा पुन्हा गिरवला. मेस्सी, नेमार आणि एम्बाप्पे एकत्र असताना हा संघ 2022 आणि 2023 अशी दोन्ही वर्षं चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या बाद फेरीतच गारद झाला. तिघेही गेल्यानंतर, 2025 मध्ये, लुईस एन्रिके यांच्या त्याच क्लबने अंतिम सामन्यात इंटर मिलानला 5-0 असं धुतलं. त्या संघात आघाडीचा उस्मान डेम्बेले प्रतिस्पर्धी गोलरक्षकावर सर्वांत आधी धावून जात होता.

याचा अर्थ कलाकार एकत्र खेळूच शकत नाहीत असा नाही. 1970 च्या ब्राझीलमध्ये पेले, तोस्ताओ, जेर्सन, रिवेलिनो आणि जाईरझिन्हो असे पाच जण होते, आणि त्यातला प्रत्येक जण एखाद्या संघाचा एकमेव सूत्रधार शोभला असता. प्रशिक्षक मारिओ झागालो यांनी प्रत्येकाला वेगळी जागा आणि वेगळं काम दिलं. रिवेलिनो डावीकडे गेला. तोस्ताओ सेंटर फॉरवर्ड असूनही खाली येऊन इतरांना वाट मोकळी करू लागला. क्लोदोआल्दोने मागची राखण केली.

इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यातला चौथा गोल सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण बहुतेकांना त्याचा शेवट तेवढा आठवतो. तो सुरुवातीपासून पाहा. 86 वं मिनिट आहे, ब्राझील 3-1 ने पुढे आहे, आणि आघाडीचा तोस्ताओ स्वतःच्या अर्ध्या भागात खोलवर येऊन इटलीच्या खेळाडूला सतावतोय. चेंडू मिळतो. क्लोदोआल्दो एकामागून एक इटालियनांना चकवतो आणि डावीकडे रिवेलिनोला देतो. रिवेलिनो तो पुढे जाईरझिन्होकडे सोडतो. जाईरझिन्हो मुळात उजव्या बगलेचा, पण डावीकडे आलाय, आणि त्याच्यावर डोळा ठेवणारा फाकेत्ती त्याच्या मागोमाग आपली जागा सोडून आलाय. इटलीची डावी बाजू मोकळी पडली आहे. जाईरझिन्हो आत पेलेला देतो. पेले क्षणभर थांबतो आणि मागे न बघता चेंडू उजवीकडे सारतो, कारण तिथून कार्लोस आल्बर्टो धावत येणार हे त्याला ठाऊक आहे. या गोलाची सुरुवात एका आघाडीवीराच्या मागे येण्यातून झाली. कुठलाही स्वप्नसंघ मी याच मापाने मोजतो.

तोच बेकेनबाउर, दोन वेगळी कामं

आता सामन्याकडे वळू. सुरुवात बेकेनबाउरपासून करायची, कारण तो दोन्हीकडे आहे आणि तरीही दोन्हीकडे सारखा खेळू शकणार नाही.

बेकेनबाउर लिबेरो म्हणून अमर झाला. बचावाच्या मागे मोकळा राहायचं, धोका हेरायचा आणि संधी दिसताच चेंडू घेऊन थेट मधल्या फळीत शिरायचं, ही त्याची शैली. 1966 च्या विश्वचषकात तर तो मधल्या फळीतच खेळला होता. 1998 च्या संघात तो बिनघोर पुढे जाऊ शकतो, कारण मागे बॉबी मूर आहे. मूर वेगवान नव्हता, पण पुढे काय होणार हे त्याला आधीच दिसायचं. 1970 मध्ये जाईरझिन्होकडून त्याने काढलेला चेंडू आजही टॅकलचा नमुना म्हणून दाखवतात. मूर मागे थांबला की बेकेनबाउर मधल्या फळीतला चौथा माणूस होतो.

2020 च्या संघात त्याला ही मुभा नाही. तिघांच्या बचावात उजवीकडे काफू आहे, आणि काफू हा काही मधला बचावपटू नव्हे. सलग तीन विश्वचषकांचे अंतिम सामने खेळलेला हा एकमेव फुटबॉलपटू. पण 2002 मध्ये ब्राझीलने जग जिंकलं तेव्हा लुसिओ, एडमिल्सन आणि रोके ज्युनियर असे तिघे मागे होते, म्हणून काफूला उजव्या बगलेवर मनसोक्त धावता आलं. इथे त्यालाच त्या तिघांतला एक केलं आहे. तो पुढे गेला तर मागे माल्दिनी आणि बेकेनबाउर दोघेच उरतात, आणि बेकेनबाउरही पुढे गेला तर माल्दिनी एकटा.

मधल्या फळीचा हिशेब

1998 च्या मधल्या फळीत निव्वळ चेंडू काढणारा कुणी नाही, ही तिची उणीव. प्लॅटिनीने 1984 च्या युरो स्पर्धेत पाच सामन्यांत नऊ गोल केले, पण तेव्हा तिगाना आणि फर्नांडेझ त्याच्यासाठी धावत होते. तरी ही उणीव भरून निघते, आणि ती डी स्टेफानोमुळे. रेआल माद्रिदने 1956 ते 1960 असे सलग पाच युरोपीय चषक जिंकले आणि पाचही अंतिम सामन्यांत डी स्टेफानोने गोल केला. तरीही त्याची खरी ख्याती वेगळीच आहे. स्वतःच्या बचावात चेंडू काढणारा, मध्यात खेळ रचणारा आणि शेवटी गोल करणारा, असा तो एकटा तिघांचं काम करायचा. सोबतीला क्रायफ आहे. रिनस मिशेल्स यांच्या टोटल फुटबॉलमध्ये एकाने जागा सोडली की दुसऱ्याने ती भरायची, हा नियम त्याच्या अंगात मुरलेला होता.

2020 कडे झावी आणि मॅथेउस ही जोडी आहे, आणि जोडी म्हणून ती सरस आहे. झावीकडून चेंडू काढणं अवघड, मॅथेउसला धावून दमवणं त्याहून अवघड. पण त्यांच्यापुढच्या पाच जणांत मागे धावणारा कोण? मॅराडोनाने 1986 चा विश्वचषक पाच गोल आणि पाच निर्णायक पास देऊन गाजवला, तेव्हा प्रशिक्षक बिलार्डो यांनी बातिस्ता, जिउस्ती आणि एन्रिके यांना त्याच्या मागे राबवलं होतं. 2022 मध्ये मेस्सीसाठी दे पॉल, एन्झो फर्नांडेझ आणि आल्वारेझ राबले. या संघात राबणारे दोन आणि राबवून घेणारे पाच. त्यातही मेस्सी, पेले आणि मॅराडोना तिघांनाही गोलक्षेत्राच्या तोंडाशी असलेली तीच मोकळी जागा हवी असते.

1986 च्या अंतिम सामन्यात मॅथेउसलाच मॅराडोनावर नेमलं होतं. त्याने ते काम चोख केलं, पण 84 व्या मिनिटाला मॅराडोनाच्या एका पासवर बुरुचागाने विजयी गोल केला. इथेही मॅथेउस समोरच्या मॅराडोनामागे लागला, तर क्रायफ, डी स्टेफानो आणि पुढे सरकलेला बेकेनबाउर यांच्यासमोर झावी एकटा पडेल.

सामना फिरतो तो उजव्या बगलेवर

1998 च्या उजव्या बाजूला गारिंचा आणि त्याच्या मागून येणारा कार्लोस आल्बर्टो. समोर एकटा माल्दिनी, कारण क्रिस्तियानो रोनाल्डो मागे येऊन राखण करणारा नाही. माल्दिनीइतका निर्दोष बचाव फार थोड्यांनी केला, पण एकाच वेळी दोघांना अडवणं त्यालाही जमणार नाही. गारिंचा आणि पेले एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही, आणि ती जोडी इथे आघाडीलाच आहे. डावीकडे 1998 कडे खरा विंगर नाही, पण निल्टन सांतोस आहे. बचावपटूंनी मागेच राहायचं अशा काळात, 1958 च्या विश्वचषकात, त्याने पुढे मुसंडी मारून ऑस्ट्रियावर गोल केला होता.

गोल करण्याच्या ताकदीत मात्र 2020 निर्विवाद पुढे आहे. क्रिस्तियानोचे चॅम्पियन्स लीगमधले 140 गोल, 2012 या एका वर्षातले मेस्सीचे 91 गोल, आणि 2002 च्या विश्वचषकात रोनाल्डोने केलेले आठ. चेंडू त्यांच्यापर्यंत पोहोचत राहिला तर याशिनचीही धडगत नाही.

कौल

माझा कौल 1998 च्या संघाला. गोल दोन्हीकडून होतील, पण चेंडू हरवल्यावर 1998 चे सात-आठ जण मागे असतील आणि 2020 चे पाच. नव्वद मिनिटांत हा फरक वसूल होतोच. आता 2020 च्या संघात एकच बदल करू. पुढच्या तिघांतला क्रिस्तियानो काढून बचावफळीपुढे फ्रँक रायकार्ड उभा करू. मिलानने 1989 आणि 1990 मध्ये युरोप जिंकला तो त्याच्या भरवशावरही. तो तिथे उभा राहिला की काफू पुढे जाऊ शकतो, बेकेनबाउर मोकळा होतो, मॅथेउसला साथ मिळते. मग माझा कौल बदलून 2020 च्या बाजूने जाईल. कमी गोल करणारा खेळाडू आणून संघ जास्त बलवान झाला, यातच डावपेचांचं मर्म आहे.

यंदाच्या दिवाळीत तुम्हीही मित्रांसोबत आपापला स्वप्नसंघ मांडा. फक्त प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवा: चेंडू गेल्यावर हा काय करणार? अकराही रकाने भरता आले, तर तुमचा संघ या दोन्ही संघांशी खुशाल भिडवा.