टर्की पांढरी, म्हणून निर्धोक?

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेल्या आईला फ्रीजमध्ये हमखास सापडतं ते टर्कीच्या कापांचं पाकीट. गोमांस नको, डुकराचं नको, मग शाळेच्या डब्यातल्या सँडविचला उरते टर्की. कोंबडीचीच मोठी बहीण म्हणून ती बिनदिक्कत घरात येते. पक्ष्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या मांसावर कारखान्यात काय काय होतं, याबद्दल मात्र फार गैरसमज आहेत आणि ते थेट मुलांच्या डब्यापर्यंत पोचतात.

पहिला समज असा, की भाजलेली टर्की कापली की झाले हे काप. घरी भाजलेली टर्की कापून बघा. तिला धागे असतात, काप वेडेवाकडे पडतात. पाकिटातले काप एकसारखे आणि गुळगुळीत असतात, कारण हाडं काढलेल्या मांसात आधी सुयांनी मिठाचं पाणी टोचलेलं असतं. त्या पाण्यात साखर, फॉस्फेट आणि बऱ्याचदा स्टार्चही असतो. मग मांस फिरत्या पिंपात घुसळतात. मिठामुळे त्यातली प्रथिनं सुटून वर चिकट थर येतो आणि शिजताना तोच थर तुकड्यांना एकमेकांशी जोडतो. फॉस्फेट पाणी धरून ठेवतं, म्हणून काप मऊ लागतात. साच्यात शिजलेली ती लादी शेवटी यंत्रावर कापली जाते.

त्यामुळे ‘चरबी कमी, म्हणजे पथ्याचं’ हा हिशेब अर्धाच राहतो. घरी बिनमिठाच्या भाजलेल्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात सोडियम साधारण १०० मिलिग्रॅमपर्यंत असतं. तेवढ्याच वजनाच्या पाकीटबंद कापांत ते अनेकदा ८०० ते १००० मिलिग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा २००० सांगितली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांना हलकं म्हणून हे सँडविच देताना एवढं ध्यानात ठेवायला हवं.

‘प्रोसेस्ड मीटचा धोका लाल मांसाचा, पांढऱ्याचा नाही’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांतून सर्वाधिक ऐकलं आहे. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, तेव्हा व्याख्या केली ती प्रक्रियेवरून: खारवणं, मुरवणं, आंबवणं, धुरी देणं. प्राणी कोणता, याने फरक पडत नाही. टर्की हॅम त्यात आलं, आपल्याकडच्या फ्रीझरमधली चिकन सलामी आली आणि उन्हाधुरात वाळलेला गोव्याचा चोरीसही आला. अर्थात, मूळ अभ्यास मुख्यतः डुक्कर आणि गोमांसाच्या पदार्थांवरचे आहेत. टर्कीच्या छातीत लाल रंगाचं हीम कमी असतं, तेव्हा धोक्याचं एक कारण तिथे सौम्य होतं. मीठ आणि मांस मुरवायला घातलेलं नायट्राइट मात्र तेच राहतात.

याच बातमीतून उलट्या टोकाचा समजही पसरला: तंबाखू पहिल्या गटात, सलामीही पहिल्या गटात, म्हणजे दोन्ही सारखेच घातक. तसं नाही. गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे हे. धोका किती मोठा, हे नाही. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. अमेरिकेत १०० पैकी सुमारे ४ जणांना हा रोग आयुष्यात कधी तरी होतो. चारात अठरा मिळवायचे नसतात. चाराचे अठरा टक्के मिळवायचे, म्हणजे आकडा पाचाच्या आतच राहतो. महिन्यातून एखाद्या सँडविचने घाबरून जाऊ नये. रोजच्या डब्याचा विचार मात्र जरूर करावा.

‘अनक्युअर्ड’ किंवा ‘नायट्राइट न घातलेलं’ असं छापलेलं महागडं पाकीट घेऊन निश्चिंत होणारेही बरेच. त्यात बहुधा सेलरीची पूड असते. सेलरीत निसर्गतःच नायट्रेट भरपूर. जिवाणूंच्या साहाय्याने त्याचं नायट्राइट होतं आणि मांसात पोचल्यावर ते कारखान्यातल्या नायट्राइटसारखंच वागतं. ‘सेलरीतून नैसर्गिकरीत्या आलेलं वगळता’ ही बारीक ओळ त्याच पाकिटावर असते, ती वाचावी. ‘हार्मोनमुक्त’ या शिक्क्यासाठीही जास्त पैसे मोजू नयेत. अमेरिकेत कोंबड्या-टर्कींना हार्मोन द्यायला मुळातच बंदी आहे.

सर्वांत महत्त्वाचं मी शेवटी ठेवलं आहे. ‘आधीच शिजलेलं आहे, फ्रीजमध्ये आहे, तसंच खाल्लं तरी चालतं’ हा समज गर्भवतीच्या घरात टिकता कामा नये. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. मांस शिजल्यानंतर, कापताना किंवा पाकिटात भरताना तो त्यात शिरतो. आईला जेमतेम ताप येतो, पण गर्भपात होऊ शकतो, बाळ दगावू शकतं. २००२ साली अमेरिकेच्या ईशान्य भागात टर्कीच्या कापांतून अशी साथ पसरली आणि टर्की-कोंबडीचे १ कोटी २० लाख किलोंहून अधिक पदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. फ्रीझरमध्ये ठेवूनही हा जिवाणू मरत नाही. तो मरतो उष्णतेने. काप आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचले पाहिजेत, म्हणजे तव्यावर चांगली वाफ निघेपर्यंत परतायचे. लेकीला डोहाळे सँडविचचेच लागले असतील, तर आईने तेवढा तवा तापवावा.