व्यालेल्या शेळीविषयी भय कशाचे धरावे

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा, इगतपुरीचा पर्जन्यबहुल डोंगराळ मुलूख आणि पूर्वेस सिन्नर, येवला, नांदगावचा अवर्षणग्रस्त पट्टा, अशी दोन भिन्न स्वभावांची भूमी एकाच जिल्ह्याच्या दप्तरात नांदते; परंतु ज्या घराला गाय पोसणे परवडत नाही त्याच्या दारात शेळी असावयाची, ही गोष्ट दोहींकडे सारखीच. दूध आणि मांस अशा दुहेरी उपयोगाची संगमनेरी जात तर नाशिक, अहिल्यानगर व पुणे याच जिल्ह्यांची मूळ रहिवासी होय. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या नोंदल्या गेल्या. एवढ्या पशुधनाच्या बाळंतपणाचा कारभार बहुतांशी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या अनुभवावर चालतो, आणि तो अनुभव पुष्कळ अंशी विश्वसनीयही असतो. दोष आहे तो भयाच्या वाटणीत : ज्याला भिण्याचे कारण नाही त्यापायी रात्र जागविली जाते, आणि जे खरोखर प्राणघातक ते ‘सकाळी पाहू’ म्हणून सोडून दिले जाते.

वारेचेच पाहा. शेळी व्याल्यावर बहुधा चार-सहा तासांत वार आपसूक पडते आणि बारा तास उलटून गेले तरच ती अडकली असे पशुवैद्य मानतात. परंतु तासाभरातच घरच्यांचा धीर सुटतो, आणि मग लोंबत्या वारेला दगड वा जुनी वहाण बांधण्याची, किंवा कोणी जाणता म्हणविणारा हात घालून ती ओढून काढण्याची तजवीज होते. या ओढाताणीने वार मधेच तुटते, तिचा तुकडा आत राहून सडतो, गर्भाशयाला इजा पोहोचते, क्वचित गर्भाशयच (मायांग) उलटून बाहेर येते. म्हणजे जी आपत्ती अद्याप आलेली नव्हती ती इलाजानेच ओढवून घेतली जाते. वार पडल्याखेरीज करडाला सडाला लावू नये, हा समज तर दुहेरी घातक आहे. करडू चोखू लागले की मातेच्या शरीरात जो स्राव सुटतो तोच दुधाला पान्हा फोडतो आणि तोच गर्भाशयाला आकुंचन देऊन वार बाहेर लोटण्यास साहाय्य करतो. तेव्हा करडाला अडवून ठेवणारा मनुष्य वार पाडणारे सर्वांत सोपे औषध स्वतःच रोखून धरीत असतो.

इकडे करडाची हानी निराळीच. शेळीच्या वारेची घडण अशी आहे की मातेच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात उतरतच नाहीत. करडू जन्मते ते या बाबतीत निष्कांचन, आणि चीक हाच त्याचा एकमेव वारसा. तोही आतड्यांना फार तर पहिला दिवसभरच स्वीकारता येतो, आणि स्वीकारण्याची ही शक्ती तासागणिक क्षीण होत जाते. दोन किलो वजनाच्या करडाला पहिल्या दिवसात निदान दोनशे मिलिलिटर चीक मिळाला पाहिजे, आणि त्याची सुरुवात जन्मापासून तास-दोन तासांच्या आत झाली पाहिजे. निफाडकडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. अशा रात्री ओल्या अंगाने उपाशी राहिलेले करडू सकाळपर्यंत जगलेच तर ते नशीब म्हणावयाचे.

व्याल्यानंतर दोन-तीन आठवडे अंगावरून जाणारा तांबूस-तपकिरी मैल पाहूनही पुष्कळजण घाबरतात. त्याला दुर्गंधी नसेल आणि शेळी खात-पीत, रवंथ करीत असेल तर तो निसर्गक्रम समजावा. दुर्गंधी आली, ताप चढला, चाऱ्यावरचे मन उडाले, की मात्र ते गर्भाशयाच्या दाहाचे लक्षण होय, आणि तेथे काढा-चाटणात वेळ घालवू नये.

आता ज्याचे भय धरले जात नाही त्याकडे वळू. शेळी व्याली, दूध चांगले देऊ लागली, आणि एके दिवशी तिचे पाय लटपटू लागले, कान गार पडले, मान एका कुशीला वळवून ती बसून राहिली, की घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, उठेल’. हा दुग्धज्वर होय. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. शेळीचे स्वाभाविक तापमान १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, ते येथे उलट उतरते. दुधावाटे चुना, म्हणजे कॅल्शियम, इतक्या वेगाने बाहेर जातो की रक्तातील त्याचा साठा अपुरा पडून स्नायू ढिले होतात. गाईंच्या या रोगापुढे युरोपातील पशुवैद्य दीर्घकाळ हतबल होते. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट नामक पशुवैद्याने कासेतच औषध भरण्याचा प्रयोग यशस्वी केला, पुढे नुसती हवा भरूनही गाई उठतात असे दिसून आले, आणि खरे कारण रक्तातील कॅल्शियमची तूट हे स्कॉटलंडमधील ड्रायर व ग्रेग यांनी १९२५ मध्ये मांडले. शेळीत हा रोग गाईहून कमी आढळतो, आणि व्याण्यापूर्वीही होऊ शकतो. पण वेळीच शिरेतून कॅल्शियम दिले तर बसलेली शेळी घटकाभरात उभी राहते. ते औषध भराभर दिल्यास हृदय बंद पडते, म्हणून ही सुई हौशी हातांनी टोचण्याची नव्हे. निपचित शेळीच्या नरड्यात बाटलीने तेल वा गूळपाणी ओतणे हेही तितकेच वाईट; गिळण्याचे बळ नसल्याने ते फुप्फुसात उतरते.

कास अकस्मात सुजली की दृष्ट लागली असे म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. ओवाळण्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते ओवाळून झाल्यावर स्वस्थ बसण्याने. व्याण्याच्या सुमारास दोन्ही बाजूंनी सारखी, मऊसर सूज येणे स्वाभाविक आहे आणि पहिलटकरणीच्या दुधात एक-दोन दिवस किंचित लाली दिसली तरी ती बहुधा ओसरते. परंतु कासेचा एकच भाग तापून कठीण झाला, दूध पाण्यासारखे वा गुठळ्यांचे येऊ लागले, शेळी मागचा पाय लंगडत टाकू लागली, तर ती दगडी समजावी. आणि तोच भाग पुढे गार पडून निळा-काळा झाला तर मांस सडू लागले आहे, तासांचा प्रश्न आहे, हे जाणावे. रोज पहिल्या धारा काळ्या फडक्यावर पाडून पाहण्याची सवय असेल तर गुठळी आरंभीच दृष्टीस पडते.

व्यालेल्या शेळीला बळ यावे म्हणून एकदम पायलीभर बाजरी किंवा मका घालणे ही माया आहे, पण अस्थानी माया आहे. चाऱ्याची सवय असलेल्या कोठ्यात एकाएकी धान्य पडले की आम्ल माजते, पोट फुगते, आंबूस वासाची हगवण लागते आणि एक-दोन दिवसांत शेळी दगावते. द्राक्षांच्या हंगामात बागेतून निघालेले घड टोपलीभर पुढे टाकण्याचा परिणामही असाच. दाणा द्यावा, पण मूठ-मुठीने वाढवीत. आणि पाणी मात्र, जे काही घरी गार लागेल म्हणून नाकारले जाते, ते कोमट करून व्याल्याबरोबर पोटभर पाजावे.

वारेविषयी एक गोष्ट राहिली. ती उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर फेकली की कुत्री ती वाड्यांतून हिंडवितात. माल्टा बेटावरील तापाचे जंतू शेळीच्या दुधातून माणसात येतात हे झामिट नामक वैद्याने १९०५ मध्ये दाखविले; तेच जंतू रोगी शेळीच्या वारेत, मैलात आणि अकाली पडलेल्या गर्भात विपुल असतात, आणि सांधेदुखी व उलटून-उलटून येणारा ताप अशा रूपाने ते पाळणाऱ्याच्या घरात शिरतात. म्हणून हातमोजे, नाहीतर निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांना बांधून वार उचलावी, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, आणि दूध उकळल्यावाचून पिऊ नये.

शेळी पाळणाऱ्या प्रत्येक घराने एक तापमापक बाळगावा, आणि गार कान, निळी कास, बारा तासांवर अडकलेली वार किंवा बाहेर आलेले मायांग यांपैकी काहीही दिसताच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे अथवा १९६२ हा निःशुल्क क्रमांक फिरवावा. मायांग बाहेर आले असेल तर पशुवैद्य येईपर्यंत ते स्वच्छ ओल्या फडक्यात झाकून ठेवावे, आत लोटू नये.